चमचाभर जास्त

१२ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

वाईट बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही शांतपणे वाचाल. काल तळ्यात सराव करताना मला पुन्हा उलटी झाली. ताकदीसाठी घेते त्या गोड पावडरीच्या पाण्याच्या तिसऱ्या पेल्यानंतर पोटात ढवळायला लागलं आणि चौथा पेला आत गेला तसा बाहेर आला. गेल्या वर्षी स्पर्धेतही गाडी इथेच अडली होती. अर्ध्या तळ्यात मला नावेत ओढून घेतलं आणि चादरीत गुंडाळून काठावर आणून ठेवलं, अगदी पार्सलासारखं.

या वर्षी पुन्हा तसं झालं तर संपलं. संयोजकांचा नियम तुम्हाला माहीतच आहे. दोनदा अर्ध्यातून बाहेर काढलेल्या माणसाला ते पुन्हा तळं पार करू देत नाहीत, काठाकाठाने पोहा म्हणतात. काठाकाठानेच पोहायचं असतं तर चाळिशी उलटल्यावर तुमच्याकडून पोहायला कशाला शिकले असते?

पण घाबरले आहे म्हणून लिहीत नाही. मला नवल वाटतंय म्हणून लिहितेय. टँकवर मी तळ्याइतकाच वेळ पोहते. तीच पावडर, तेच पाणी, दर अर्ध्या तासाने तेवढाच पेला. तिथे पोट हूं की चूं करत नाही. तळ्यात गेलं की तेच पोट माझ्यावर उलटतं. पोटाला कसं कळतं की आपण टँक सोडून तळ्यात आलो?

तळ्यात पेला हे देतात. नावेला मी हात लावायचा नाही असा नियम, म्हणून यांनी रंगाच्या रोलरचा लांब दांडा घेतला, टोकाला तारेचं कडं बसवलं आणि कड्यात पेला. नावेत बसून दांडा पुढे करतात, मी उभ्या उभ्या पाय मारत पिते. बाकीच्या पोहणाऱ्यांच्या नवऱ्यांनी येऊन त्या दांड्याची मापं घेतली. तुमचा भाऊ दोन दिवस त्याच खुशीत होता.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी मुलांना रोज एकच गोष्ट घोकायला लावते, की काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. तेव्हा सांगा, आधी काय बदलू?

तुमची,
भावजय

२० एप्रिल

भावजयबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने आणि दुसऱ्यांदा मजेने. पोटाला तळं कसं कळतं हा प्रश्न इतकी वर्षं टँकच्या काठावर शिट्टी वाजवून मला एकाही पोहणाऱ्याने विचारला नाही. सगळे विचारायचे ते आणखी जोरात कसं पोहू.

त्या शिट्टीने आणि पाण्याने माझे कान गेले, त्यामुळे फोनवर तुझं निम्मं ऐकू येत नाही, आणि त्या काचेवर बोटं आपटून लिहिणं मला जमत नाही. तेव्हा पत्रच. इतक्या लांबून शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, पण शेळी हुशार असली की चालतं.

आता ऐक. पोहताना तू आडवी असतेस, तोंड खाली, आणि रक्त सगळं हातापायांकडे धावतंय. पोटाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अशा वेळी आत पातळ काही गेलं तर ते भराभर पुढे सरकतं. गोड, दाट काही गेलं तर पोट ते अडवून धरतं, वर शरीरातलं पाणी ओढून घेऊन ते पातळ करायला बघतं. मग तू पोहतेस आणि ते आत डुचमळत बसतं. म्हणून मी तुला प्रमाण बांधून दिलंय. पेल्याला एक चमचा, डब्यात येतो तोच, काठाशी सपाट केलेला. त्याला हात लावायचा नाही.

टँकवर ते प्रमाण तुला सोसतं, म्हणजे प्रमाण ठीक आहे. गुन्हेगार तळ्यातच कुठेतरी आहे. माझा संशय असा. एक, लाटा, आणि लाटांबरोबर गिळलेली हवा. दोन, मोटरच्या नावेचा धूर. तू नावेच्या बाजूलाच तोंड करून श्वास घेत असशील, हो ना? नवरा दिसतो म्हणून. तीन, थंडगार पेय. यांतलं एकेक बदलून बघ आणि मला कळव. खाणाखुणांसकट कळव, काही गाळू नकोस. तुला बिनमहत्त्वाचं वाटेल तेही लिही.

आणि ढब्बूला सांग, दांड्याबद्दल शाबासकी.

वन्सं

७ मे

ती. वन्संना नमस्कार.

तिन्ही संशयितांची उलटतपासणी झाली. तिघेही निर्दोष.

पहिल्या खेपेला नाव उजवीकडे ठेवली आणि श्वास डावीकडे घेतला. उलटी. दुसऱ्या खेपेला मोटरची नाव सोडून वल्ह्याची घेतली. नावाडी म्हातारा, निवांत आहे, धुराचा प्रश्नच नाही. उलटी. तिसऱ्या खेपेला पेय थर्मासमधल्या कोमट पाण्यात केलं. तळंही त्या दिवशी काचेसारखं होतं, लाट नावाला नाही. पोटाने जरा उशीर केला, एवढंच.

टँकवर माझ्या पट्ट्यात एक जण पोहतो. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, तिन्ही एका दमात करायच्या ‘लोखंडी माणसां’च्या शर्यतीत उतरतो, म्हणून सगळे त्याला लोखंडे म्हणतात. तो म्हणाला, पेय सोडा आणि माझ्यासारखी पाकिटातली जेली खा. त्याच्या खिशांत कायम ती पाकिटं असतात. मी विचारलं, ती कुठे खाता? म्हणाला, सायकलवर. पोहताना? म्हणाला, छे, पोहताना कोण खातं. सायकलवर पोट बसलेलं असतं आणि माझं पालथं, हे त्याला समजावलं. तो विचारात पडला आणि टँकच्या दोन लांब्या चुकीच्या पट्ट्यात पोहून आला.

तळ्यातला सराव आता संपला. यापुढे तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्त टँक, तोही रोज थोडा कमी. म्हणजे आता मला जे काही कळायचं ते थेट स्पर्धेतच कळणार. खरं सांगू? आता थोडी भीती वाटते. या तळ्याच्या पलीकडच्या काठावर एकदा पायाने उभं राहायचं आहे मला. नावेतून उतरून नव्हे.

काही गाळू नकोस म्हणालात म्हणून एक फालतू गोष्ट. तळ्यावरून आल्यावर पेय ढवळायच्या बाटलीचं झाकण निघता निघत नव्हतं. साखरेने असं चिकटलं होतं की दाराच्या फटीत धरून पिरगाळावं लागलं. टँकवरच्या बाटलीला असं कधी होत नाही. बहुधा उन्हाने.

बाकी ठीक. हे एका शाळेच्या भिंती रंगवताहेत आणि तिथल्या मुख्याध्यापकांशी रंगाचे किती हात द्यायचे यावरून रोज भांडताहेत.

तुमची,
भावजय

१४ मे

ढब्बू,

हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. घरी नेऊ नकोस.

एकच विचारते आणि खरं सांग. नावेत पेय तू करतोस ना? किती चमचे घालतोस?

उन्हाने झाकणं चिकटत नाहीत. साखरेच्या पाकाने चिकटतात. तुझ्या बायकोला नवऱ्याचा संशय येणार नाही, पण मी तुला पाळण्यात असल्यापासून ओळखते. तुला कॉफीत साखर घालायला सांगितली की ढवळायला जागा उरायची नाही. पतंगाच्या काठीला खळ लावायला सांगितली तर काठी टेबलाला चिकटायची. रंगाच्या धंद्यात पडलास आणि गावभर सांगत सुटलास की मी रंगात पाणी घालत नाही, रंग पातळ करणारा माणूस चोर. तो तुझा बाणा मला मान्य आहे. पण तिचं पोट ही भिंत नाही.

उत्तर लगेच पाठव.

ताई

१९ मे

ताई,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. चुकलं तर सांभाळून घे.

दोन घालतो. गेल्या वर्षीही दोन घालायचो. तिसऱ्या-चौथ्या पेल्याला जरा वरच.

ताई, ते एका चमच्याचं पाणी तू पाहिलंयस का? पेल्यातून पलीकडचं सगळं दिसतं. असलं पाणचट मी गिऱ्हाइकाच्या मोरीलाही लावणार नाही, आणि हिला देऊ? ती तिकडे हात मारमारून मरतेय आणि मी नावेत छत्री धरून बसलोय. तू काठावर असायचीस, तू नावेत बसून बघ. नावेतून ती एवढीशी दिसते. चारी बाजूंनी पाणी आणि मधे ती लाल टोपी. मला पोहता येत नाही. काही झालं तर मी उडी मारूनही उपयोग नाही. माझ्या हातात काय, तर तो दांडा आणि चमचा. मग एक चमचा जास्त घालतो. वाटतं, तेवढीच ताकद जाईल तिच्यापर्यंत.

उलटी माझ्यामुळे होतेय हे तुझं पत्र वाचल्यावर कळलं. गेल्या वर्षी तिला नावेत ओढलं तेव्हा ती रडत होती आणि मीच तिला म्हणत होतो की बहुतेक तुझं पोट नाजूक आहे. ताई, तिला सांगू नकोस. निदान स्पर्धा होईपर्यंत तरी नको. शपथ घेतो, एकच चमचा, काठाशी सपाट. ती काहीही म्हणाली तरी एकच.

ढब्बू

२१ मे

भावजयबाई,

तुझं पत्र वाचून बराच विचार केला. मला वाटतं, आता पोट त्रास देणार नाही. का ते विचारू नकोस. म्हाताऱ्या प्रशिक्षकांना काही गोष्टी आतून कळतात, असं समज. कोमट पेय, वल्ह्याची नाव, दोन्हीकडून श्वास, एवढं ठेव आणि बाकी माझ्यावर सोड.

आता शेवटचे दिवस. पोहणं कमी झालं की अंग जड वाटेल, खांद्यात नसलेलं दुखणं जाणवेल, आणि तुला वाटेल आपण पोहणं विसरलो. सगळ्यांना वाटतं. रोजचं साधं जेवण जेव. भात असो, पोळी असो, पोटाला ओळखीचं असेल ते खा. पाणी घोटघोट पीत राहा, कारण पाण्यात असताना तहान कळत नाही.

आणि एक नियम दगडावरची रेघ समज. शेवटच्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. चष्मा नवा नको, टोपी नवी नको, खाणंपिणं नवं नको. तुझ्या मुलांना सांगतेस ना एका वेळी एकच? आता एकही नाही.

वन्सं

२७ मे

ती. वन्संना नमस्कार.

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा मी पाण्यात असेन. तसा हिशोब करूनच टाकतेय, म्हणजे तुम्हाला कुणाला फैलावर घेता येणार नाही.

गुन्हेगार सापडला.

काल नाव पक्की करायला तळ्यावर गेले होते. नावाडी वल्ही पुसत बसला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या साहेबांचा हात भारी सढळ बघा."

मी म्हटलं, "कशात?"

"त्या पावडरीत. एक चमचा घालतात, तुमच्याकडे बघतात, अन् आणखी एक घालतात. वर मला म्हणतात, बोलायचं नाही. मी कशाला बोलतोय?"

वन्सं, मी तिथेच पायरीवर बसले आणि हसायला लागले. नावाडी घाबरला. टँकवर पेय मी करते आणि तळ्यात हे करतात, एवढा एकच फरक सुरुवातीपासून माझ्या नाकासमोर होता. नाव बदलली, बाजू बदलली, पाणी तापवलं, पण नवरा बदलून बघायचं सुचलं नाही.

हसून झाल्यावर थोडं रडूही आलं. का ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता.

समोर विचारलं असतं तर त्यांचा चेहरा पडला असता, आणि तो पडलेला चेहरा नावेत बघत मला पोहवलं नसतं. हो म्हणाले असते, आणि मी लाटेत जरा खाली-वर झाले की हात पुन्हा सढळ. म्हणून गुपचूप इलाज केलाय. लोखंडे सायकलवर पितो त्या पावडरीच्या डब्यात छोटा चमचा येतो, पांढराच, आपल्या चमच्याच्या बरोबर निम्मा. पाणी भरून मापून पाहिला. तो आपल्या डब्यात टाकला आणि मोठा काढून प्रयोगशाळेत ठेवला. आता यांनी दोन घातले की बरोबर एक होईल. त्यांचं समाधान राहील आणि माझं पोटही.

तुम्ही म्हणालात काही बदलू नकोस. पण मी काहीच बदललं नाही. उलट जे बदललं होतं ते जागेवर आणलं. एकच गोष्ट, बस.

तुमची,
भावजय

३१ मे

भावजयबाई, आणि ढब्बू,

हे पत्र पोस्टात टाकण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

पत्र सकाळी आलं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले आणि कपाळावर हात मारून घेतला. भावजयबाई, तो आता दोन घालत नाही. मी त्याच्याकडून शपथ घेतलीय. तुला सांगितलं नाही, कारण त्याने हात जोडले होते. आणि तू मला सांगितलं नाहीस, कारण मी त्याला रागावेन. त्याचा चमचा मी अर्धा केला आणि तू पुन्हा अर्धा केलास. तू पाण्यात आहेस आणि पेल्यात जवळजवळ पाणीच आहे.

खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला गाठलं. बिचाऱ्याने पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवलं आणि तुम्हा दोघांना फोन लावत राहिला. दोघंही उचलत नाहीत. कसे उचलणार, फोन काठावरच्या पिशवीत असणार.

मला माहीत आहे आता काय होणार. उलटी होणार नाही, म्हणून तू खूश होशील. मग अर्ध्यावर हात जड होतील. त्याचं काही नाही, हात सगळ्यांचेच जड होतात. पण इंधन संपलं की डोकं आधी जातं. माणूस चिडतो, दिशा विसरतो, त्याला झोप यावीशी वाटते, आणि त्याला स्वतःला वाटतं की आपण अगदी ठीक आहोत. अशा वेळी विचारावं लागतं. कुणीतरी तोंड उघडून विचारावं लागतं. आणि आपण तिघंही मूग गिळून बसलोय.

इतकी वर्षं लोकांना शिकवलं की नावेतल्या माणसाशी बोला, लपवू नका. घरच्याच दोघांना मी एकमेकांपासून लपवायला लावलं. मला फार वाईट वाटतंय.

माझ्या बाल्कनीतून समोरच्या गॅरेजमधलं घड्याळ दिसतं. आज मी दुसरं काहीच बघितलेलं नाही.

वन्सं

२ जून

ती. वन्संना नमस्कार.

कुणा अनोळखी नंबरचे ढीगभर फोन येऊन गेले होते. काल उलट फोन केला तर एक गृहस्थ म्हणाले, "मी दंतवैद्य. तुमच्या नणंदबाई पोर्चमध्ये येरझाऱ्या घालताहेत. किती चमचे, एवढं विचारायला सांगितलंय." म्हणजे तुम्हाला सगळं कळलेलं आहे. पार पडलं एवढं त्यांच्याजवळ सांगितलं, ते तुमच्यापर्यंत पोचलंच असेल. आता नीट सांगते.

सुरुवात सुरेख झाली. पाणी गार होतं पण शांत. तिसरा पेला घेतला, पोट गप्प. चौथा घेतला, तरी गप्प. पाण्याखाली मी हसत होते, हसताना किती बुडबुडे येतात ते पाहत होते. प्रयोग यशस्वी, असं मनातल्या मनात लिहूनही टाकलं.

मग वारा सुटला आणि हात जड झाले. म्हटलं, वाऱ्याने होत असेल. पेल्याला चव लागेना. म्हटलं, गारठ्याने जीभ बधिरली. नावेत संयोजकांची निरीक्षक बाई बसली होती, पिवळी गोल हॅट घालून. त्या हॅटचा मला इतका राग यायला लागला की काय सांगू. बाईंनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. मग पलीकडचा मनोरा डावीकडे ठेवायचा की उजवीकडे ते आठवेना. आणि मग वाटलं, जरा पडून राहावं. पाण्यातच. पाणी किती मऊ आहे.

आणि हे नावेत. त्यांनी नंतर सांगितलं, की माझा रंग उतरताना त्यांना दिसत होता. रंगाऱ्यालाच दिसणार. प्रत्येक पेल्याला हात डब्याकडे जायचा आणि शपथ आठवून मागे यायचा. मला वाटत होतं, हे दोन घालताहेत, मग बरोबरच असणार. त्यांना वाटत होतं, ताईने सांगितलंय, मग बरोबरच असणार. दोघंही एकमेकांकडे बघून गोड हसत होतो.

तेवढ्यात हॅटवाल्या बाई वाकल्या आणि म्हणाल्या, "बाई, वर घ्यायचं का?"

गेल्या वर्षी हाच प्रश्न. मी तेव्हा मान हलवली होती. या वेळी हो म्हटलं असतं तर तळं कायमचं बंद, हे तेवढ्या धुक्यातही मला कळत होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर नव्हता. मी नुसती पाय मारत राहिले आणि यांच्याकडे बघितलं. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्यांचा तो चेहरा पाहिला, आणि तोंडून निघून गेलं, "अहो, किती चमचे घालता?"

यांनी डबा पाठीमागे सरकवला.

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"एकच," हे म्हणाले. "ताईची शपथ. पहिल्या पेल्यापासून एकच."

"एकच?"

"अगं, मीच पूर्वी दोन घालायचो. त्यानेच तुला..." आणि त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर मी चमचा अर्धा केला."

त्यांनी डब्यातून चमचा काढला आणि डोळ्यांसमोर धरला. इतका वेळ त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, सगळं लक्ष माझ्यावर होतं. नावाड्याने वल्ही सोडली आणि पोट धरून हसायला लागला. मग हे हसले. मग मी हसले, आणि हसता हसता निम्मं तळं प्याले. हॅटवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "वर घ्यायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "खायला घ्यायचंय. अहो, या चमच्याने दोन घाला. नेमके दोन. पुढच्या वेळी किती ते मी सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

ते दोन चमचे त्यांनी असे मोजले, जसं काही औषध मोजताहेत. दांडा पुढे आला. वन्सं, तो पेला गोड लागला. लगेच काही झालं नाही. बराच वेळ तशीच ओढत राहिले, एक हात, दुसरा हात, टँकवर तुम्ही करून घ्यायचात तसा सावकाश, लांब. त्याच्या पुढच्या पेल्यानंतर मनोरा आठवला. डावीकडे. आणि त्याच्या पुढच्या पेल्यानंतर ती हॅट मला बरी दिसायला लागली.

त्या पेल्याला पाय मारत उभी असताना हे म्हणाले, "नावेतून तू एवढीशी दिसतेस. मला फार भीती वाटते गं." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले. मी म्हटलं, "पाण्यातून तुम्हीही एवढेसेच दिसता. मलाही वाटते." मग पेला रिकामा करून निघाले. तिथे थांबून चालणार नव्हतं.

शेवटी काठ दिसला तेव्हा तिथे माणसं दोर गुंडाळायला लागली होती. वेळ संपत आली होती. नाव गाळात अडकली, पुढे येईना. हे नावेत उभे राहून दांडा हलवत होते, मला दिशा दाखवायला की स्वतःला धीर द्यायला, कोण जाणे. गुडघे वाळूला लागले. उठायला गेले आणि पडले. पुन्हा उठले. कुणी हात लावायचा नाही, सगळं अंग पाण्याबाहेर येईपर्यंत. तशी चार पावलं टाकली आणि कोरड्या वाळूवर उभी राहिले. पायाने, वन्सं. शिट्टी त्यानंतर वाजली.

मी शेवटची आले. माझ्यामागे फक्त नाव होती. पोटात एकदाही ढवळलं नाही.

मोठा चमचा प्रयोगशाळेतून परत आणलाय. तुम्हीही स्वतःला दोष देऊ नका, पण यापुढे त्यांना लिहिलेलं पत्र मला आणि मला लिहिलेलं त्यांना वाचायला मिळेल, असं आम्ही ठरवलंय. पुढच्या वर्षी तुम्ही या. नावेत जागा आहे. ऐकू आलं नाही तरी चालेल, बघायला या.

तुमची,
भावजय

ता. क. ताई, मी ढब्बू. हिने मागितले तेवढेच चमचे घातले. शेवटपर्यंत. तुझी शपथ.

ता. क. २. हे कामावर गेल्यावर लिहितेय. पाकीट बंद करायच्या आधी. शेवटच्या पेल्याला मी दोन सांगितले होते आणि त्यात नक्की तीन होते. जिभेला कळलं. यांनीही मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. पिऊन टाकलं आणि काठाकडे निघाले. हा ता. क. त्यांना दाखवायचा नाही.